जावक क्रमांकाचा रकाना आणि राउंडक्यूबची नवी आवृत्ती

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक जुनी शिक्षणसंस्था. महाविद्यालयं, शाळा, मध्यवर्ती कार्यालय, सगळ्यांची मेलखाती संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर. सर्व्हर आवारातच ठेवलेला: डेबियन १० ही कार्यप्रणाली, मेल पाठवायला पोस्टफिक्स, ती साठवून पुरवायला डव्हकॉट, आणि ब्राउझरमधून मेल बघायला राउंडक्यूब १.३. संस्थेची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

राउंडक्यूबचं रूप 'स्किन'वर ठरतं. स्किन म्हणजे एक फोल्डर; त्यात टेम्पलेटं, स्टाइलशीट आणि चित्रं. टेम्पलेट ही एचटीएमएल फाइलच असते, पण मध्ये मध्ये राउंडक्यूबचे स्वतःचे टॅग येतात: इथे हे बटण, इथे पत्रांची यादी, अमुक अट जुळली तरच हा भाग दाखव. २०१२ मध्ये ०.८ आवृत्तीबरोबर आलेली लॅरी ही स्किन बरीच वर्षं डीफॉल्ट होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये १.४ आलं आणि त्याबरोबर मोबाइलवरही नीट बसणारी इलॅस्टिक. २०२२ च्या १.६ मध्ये लॅरी आणि तिच्याही आधीची क्लासिक या दोन्ही मुख्य पॅकेजातून काढून टाकल्या. ज्याला हव्यात त्याने वेगळ्या उतरवून घ्याव्यात.

या संस्थेत लॅरी होती, पण मूळची राहिली नव्हती. पूर्वीच्या तंत्रज्ञाने कार्यालयाच्या मागणीप्रमाणे थेट लॅरीच्याच फोल्डरमध्ये बदल केले होते. लॉगिनच्या पानावर बोधचिन्ह आणि मराठी सूचना. छापील प्रतीवर लेटरहेड, कारण मेलची प्रिंट काढून नस्तीत लावायची इथली पद्धत. 'इनबॉक्स'च्या जागी 'आवक' आणि 'सेंट'च्या जागी 'जावक'. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवीन पत्र लिहिण्याच्या पानावर 'जा.क्र.' असा एक रकाना. तो भरल्याशिवाय पत्र जात नसे. भरलेला क्रमांक मेलच्या मथळ्यात (विषयात नव्हे, हेडरमध्ये) एक वेगळी ओळ म्हणून जाई आणि प्रिंटवर उमटे. त्यासाठी टेम्पलेटबरोबरच राउंडक्यूबच्या गाभ्यातल्या, पत्र पाठवणाऱ्या फाइलीतही कोड घुसवला होता.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. ते गृहस्थ संस्था सोडून गेले. बदलांची नोंद कुठेही नव्हती, त्यामुळे 'अपडेट केलं तर जावकचा रकाना जाईल' या एका वाक्यावर अपडेट थांबलेलं होतं.

अडचण

१ जून २०२५ ला राउंडक्यूबने १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या काढल्या. कारण होतं सीव्हीई-२०२५-४९११३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक). फाइल चढवण्याच्या कामात यूआरएलमधून येणारी एक किंमत न तपासता वापरली जात होती, आणि लॉगिन झालेला कोणीही तिच्या आधारे सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. गांभीर्य दहापैकी ९.९. ही फट सुमारे दहा वर्षं जुनी, म्हणजे १.३ मध्येही होती. आणि १.३ साठी दुरुस्ती निघणार नव्हती, कारण त्या शाखेची देखभाल कधीच थांबली होती.

'लॉगिन झालेला कोणीही' हे ऐकून कार्यवाहांना सुरुवातीला हायसं वाटलं. आपले प्राध्यापक कशाला सर्व्हर फोडतील? पण प्राध्यापकांचे पासवर्ड फसव्या मेलला बळी पडून बाहेर जातात, हे या संस्थेने आधीही अनुभवलं होतं. एक पासवर्ड गेला की 'लॉगिन झालेला' कोण, हे आपल्या हातात राहत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ मधली फटही इथे उघडीच होती. नुसतं पत्र उघडलं तरी त्यातल्या एसव्हीजी चित्राआडून स्क्रिप्ट चालायची, आणि युरोपातल्या सरकारी खात्यांवर ती वापरलीही गेली होती.

भरीला जून महिना, म्हणजे प्रवेशाची धांदल. कार्यालय म्हणत होतं, जुलै उलटू द्या.

पहिला निर्णय: थांबायचं, पण दार लोटून

महिनाभर तसंच उघडं ठेवणं धोक्याचं, आणि घाईने अपडेट करून जावक क्रमांकच बंद पाडणं म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत कार्यालय ठप्प. मधला मार्ग काढला: वेबमेल फक्त संस्थेच्या नेटवर्कमधून उघडेल, बाहेरून नाही. घरून मेल बघणाऱ्यांना फोनवरच्या मेल ॲपमध्ये खातं जोडून दिलं. त्यावर काही प्राध्यापकांनी नापसंती कळवली, ती रीतसर ऐकून घेतली. धोका यामुळे संपला नव्हता. फक्त जगभरातून कोणी सहज येऊन प्रयत्न करेल ही वाट बंद झाली आणि विचार करायला उसंत मिळाली.

काय बदललंय ते आधी शोधा

पुढचे पर्याय बोलण्याआधी मूळ लॅरी आणि आपली लॅरी यांत फरक किती, हे बघणं भाग होतं. मूळ पॅकेज उतरवून दोन्ही फोल्डर डिफला, म्हणजे फाइलींमधला फरक ओळीओळीने दाखवणाऱ्या साधनाला, दिले. पहिल्यांदा निघालेला निकाल बघून कुणीही हबकला असता: जवळपास प्रत्येक फाइल बदललेली!

त्याची दोन कारणं निघाली. उतरवलेलं पॅकेज १.३ चंच असलं तरी उपक्रमांक वेगळा होता. आणि काही फाइली विंडोजमधल्या नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह झाल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटलेलं होतं. नेमका तोच उपक्रमांक घेतला, ओळीच्या शेवटची चिन्हं दुर्लक्षित करा असं डिफला सांगितलं, तेव्हा खरे बदल उरले: टेम्पलेटच्या मोजक्या फाइली, एक स्टाइलशीट, मराठी लेबलांची फाइल आणि गाभ्यातली एक फाइल. वर्षानुवर्षांची भीती दोन-तीन पानांत मावली.

मग त्या पानांवर बसून प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न लिहिला: हे कोणाला, कशासाठी हवं होतं? उत्तर द्यायला संगणक विभाग पुरेसा नव्हता. आस्थापना विभागाच्या अधीक्षक मॅडम आणि आवक-जावक सांभाळणारे वरिष्ठ लिपिक यांना बोलावलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची बैठक हीच.

लॉगिनच्या टेम्पलेटमध्ये तळाशी एक स्क्रिप्ट सापडली. बाहेरच्या कुठल्याशा संकेतस्थळाचा 'किती जणांनी भेट दिली' मोजणारा काउंटर. दिसायचा बंद झाला होता, पण स्क्रिप्ट अजून मागवली जात होती, आणि तीही पासवर्ड टाकण्याच्या पानावर. कोणी लावला, कोणालाच ठाऊक नाही. ती ओळ त्याच बैठकीत, जुन्या आवृत्तीतूनच उडवली. उजव्या क्लिकवर बंदी घालणारी आणखी एक स्क्रिप्ट होती, सुरक्षेच्या नावाखाली. तीही नव्या ठिकाणी न्यायची नाही असं ठरलं.

खरा धक्का जावक क्रमांकाने दिला. रकाना सक्तीचा होता आणि त्यातला कोड फक्त ०-९ हे इंग्रजी अंक स्वीकारत होता. लिपिक इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठीतून पत्र लिहीत. अंकही देवनागरीच उमटायचे. रकाना ते नाकारायचा. शिवाय ज्यांचा जावक नोंदवहीशी संबंधच नाही, अशा प्राध्यापकांनाही तो सक्तीचा होता. मग काय, लोक सरळ शून्य टाकून पत्र पाठवायचे. जुन्या पत्रांचे मथळे चाळले तेव्हा शून्यांची रांगच दिसली. ज्या रकान्यासाठी अपडेट इतकी वर्षं अडलं होतं, तो मध्यवर्ती कार्यालयातल्या थोड्या टेबलांवरच खऱ्या अर्थाने भरला जात होता.

पर्याय

विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवलेला पर्याय सगळ्यांत झटपट होता. १.६.११ मध्ये केलेली दुरुस्ती काही ओळींचीच आहे, ती १.३ च्या फाइलीत हाताने घालू. एवढ्यापुरतं ते बरोबर होतं. पण २०२३ ची फट, तिच्या आधीच्या फटी, आणि उद्या येणारी पुढची, प्रत्येकीसाठी हेच करत बसायचं? आणि बदललेल्या गाभ्यावर आणखी एक नोंद नसलेला बदल चढवायचा? हा पर्याय बाद झाला.

दुसरा पर्याय अधीक्षक मॅडमच्या मनातला होता: १.६ घ्या, पण लॅरी वेगळी उतरवून आपल्या बदलांसकट बसवा. लोकांना काही बदललंय हे कळणारही नाही. याचं आकर्षण मी कमी लेखत नाही. नवीन रूप बघून गोंधळणाऱ्या माणसाचा फोन कार्यालयातच येतो, आमच्याकडे नाही. पण लॅरी पॅकेजातून बाहेर गेली, याचा अर्थ नव्या सोयी तिच्यासाठी बनणार नाहीत. फोनवर ती वापरणं आजच कठीण. आणि जावकचा कोड तरीही नव्याने लिहावा लागणारच होता: १.५ मध्ये राउंडक्यूबच्या गाभ्याची मांडणी बदलली, सुट्या 'स्टेप्स' फाइली जाऊन 'ॲक्शन्स' नावाखाली क्लासेस आले. ज्या फाइलीत कोड घुसवला होता, ती फाइलच नव्या आवृत्तीत नाही.

तिसरा, सगळं मेल एखाद्या मोठ्या कंपनीच्या सेवेवर नेणं. खर्च, जुन्या मेलची वाहतूक, कार्यकारिणीची मंजुरी. जूनमध्ये हे होणं नव्हतं. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर ढकललं.

चौथा, १.६.११ वर इलॅस्टिक घेणं आणि प्रत्येक बदल त्याच्या योग्य जागी नव्याने बसवणं. हाच ठरला.

सर्व्हरबद्दलही एक प्रश्न होता. डेबियन १० ची वाढीव देखभाल जून २०२४ मध्ये संपली होती, म्हणजे सर्व्हरही बदलायला हवाच. दोन्ही एकदम करावं का? राउंडक्यूब ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी; १.६ ला तिची ७.३ आवृत्ती पुरते, आणि डेबियन १० वर तीच होती. म्हणून आधी फक्त राउंडक्यूब, सर्व्हर नंतर. काही बिघडलंच तर कशामुळे बिघडलं, हे ओळखता यावं म्हणून.

काम

काम सुरू करताना एक क्रम ठरवला. बदल कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगांच्या फाइलीच्या, एका ओळीत होत असेल तर तिथेच करायचा. नसेल तर प्लगइन, म्हणजे गाभ्याला हात न लावता बाहेरून जोडायचा कोड. टेम्पलेटला हात सगळ्यांत शेवटी, आणि तोही आपल्या वेगळ्या स्किनमध्ये. इलॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक अक्षरही नाही.

या चाळणीतून टेम्पलेटच्या वाट्याला जवळजवळ काहीच उरलं नाही. बोधचिन्हासाठी राउंडक्यूबमध्ये सेटिंग आहेच, आणि त्यात लॉगिनसाठी वेगळं, लहान पडद्यासाठी वेगळं, छपाईसाठी वेगळं चित्र देता येतं. म्हणजे लेटरहेडसाठी केलेलं सगळं कोरीव काम एका चित्राच्या पत्त्यावर आलं. लॉगिनखालच्या मराठी सूचनेसाठी इलॅस्टिकच्या टेम्पलेटमध्ये तळाशी एक मोकळा कप्पा ठेवलेला असतो, प्लगइनने त्यात मजकूर सोडायचा. पूर्वी ती सूचना टेम्पलेटमध्येच लिहिलेली असल्याने इंग्रजी निवडणाऱ्यालाही मराठीच दिसे. आता दोन्ही भाषांत आली. 'आवक' आणि 'जावक' ही लेबलंही प्लगइनमधूनच, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये भाषेच्या फाइली बदलल्या तरी ती टिकतील.

रंगांसाठी मात्र आपली स्किन हवी होती. नवा फोल्डर, त्यात 'मी इलॅस्टिकवर बेतलेली आहे' असं सांगणारी छोटी माहितीफाइल, आणि रंग बदलणारी लेस फाइल (जिच्यातून स्टाइलशीट तयार होते). जी टेम्पलेटं आपल्याकडे नाहीत ती राउंडक्यूब आपोआप इलॅस्टिकमधून उचलतो. इथे एक जागा अडखळायची आहे: स्टाइलशीटची दाबून लहान केलेली आवृत्ती असेल तर राउंडक्यूब तीच वापरतो. नुसती मोठी फाइल बदलून ब्राउझर कितीही वेळा रिफ्रेश केला तरी रंग जुनाच. दोन्ही बनवाव्या लागतात.

जावकचा रकाना घेताना सहकाऱ्याने आधी सोपं करून पाहिलं: लॅरीतलं पत्रलेखनाचं टेम्पलेट उचलून नव्या स्किनमध्ये ठेवलं. पानावरची बटणांची पट्टी गायब, डावीकडचा भाग गायब. लॅरीत पत्राचे रकाने तक्त्याच्या ओळींत मांडलेले. इलॅस्टिक बूटस्ट्रॅप या वेबपानं मांडायच्या तयार संचावर उभी, आणि तिची स्क्रिप्ट पानातले ठराविक नावांचे भाग शोधून पडद्याच्या रुंदीप्रमाणे हलवते. ती नावंच नसतील तर ती काय हलवणार? जुनं टेम्पलेट नव्या घरात चालत नाही, हे त्या पंधरा मिनिटांत सगळ्यांना पटलं, त्यामुळे तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

शेवटी रकानाही प्लगइननेच आला, पत्रलेखनाच्या पानावर पर्यायांसाठी असलेल्या कप्प्यात. सक्ती काढली. पाठवणाऱ्याची ओळख मध्यवर्ती कार्यालयाच्या पत्त्याची असेल तरच रकाना दिसतो. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक चालतात; मथळ्यात एकाच रूपात जातात, म्हणजे शोधताना घोळ नको.

चाचणी

नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये, डेटाबेसच्या प्रतीवर उभी केली. वरिष्ठ लिपिकांनी रोजची पत्रं तिथून लिहून पाहिली. पहिल्याच तासात त्यांनी हाक मारली, "सर, पत्र मसुद्यात ठेवलं की नंबर उडतोय."

प्लगइन पाठवण्याच्या आधीच्या टप्प्याला जोडलेलं होतं. मसुदा साठवताना तो टप्पा येतच नाही. राउंडक्यूबमध्ये पत्र तयार झाल्यावर, मग ते पाठवायचं असो वा मसुद्यात ठेवायचं, लागणारा दुसरा टप्पा आहे. तिथे जोडलं. पण मसुदा पुन्हा उघडला तरी रकाना रिकामाच! कारण राउंडक्यूब मेलसर्व्हरकडून नेहमीचेच मथळे मागवतो. आपला वेगळा मथळा हवा असेल तर तो मागवायला आधी सांगावं लागतं. तेही केलं, आणि वाचतानाच्या पानावरही जा.क्र. दिसू लागला.

संगणक विभागात बसून ही चूक कधीच सापडली नसती. आमच्यापैकी कोणी पत्र मसुद्यात ठेवून साहेबांच्या होकाराची वाट बघत बसत नाही. कार्यालयात प्रत्येक पत्र असंच जातं.

बदलाचा दिवस आणि परिणाम

शनिवारी संध्याकाळी बदल केला. डेटाबेसची पूर्ण प्रत आधी काढली, कारण अपडेट डेटाबेसची रचना बदलतं आणि नुसता जुना फोल्डर परत आणून मागे जाता येत नाही. १.६ मध्ये मेलसर्व्हरच्या पत्त्याच्या काही सेटिंगांची नावं बदलली आहेत, तीही आधीच नवी करून ठेवली होती. ज्यांच्या खात्यात 'लॅरी' अशी निवड साठवलेली होती त्यांना आपोआप डीफॉल्ट स्किन मिळाली. सोमवारपासून वेबमेल पुन्हा बाहेरूनही उघडली.

फोन आले, पण ज्याची भीती होती त्या जावक क्रमांकाबद्दल एकही नाही. तक्रार एकच, वेगवेगळ्या शब्दांत: "डावीकडची आवक-जावक कुठे गेली?" कार्यालयातले काही मॉनिटर जुने, चौकोनी, १०२४ पिक्सेल रुंदीचे. तेवढ्या जागेत इलॅस्टिक फोल्डरांची यादी आत घेते आणि ती बघायला वरचं बटण दाबावं लागतं. आमच्या चाचण्या रुंद लॅपटॉपवर झाल्या होत्या, आणि वरिष्ठ लिपिकांचा मॉनिटरही नेमका नवा.

उपाय हास्यास्पद वाटेल इतका साधा निघाला. ब्राउझरचा झूम ९० टक्के केला की ब्राउझरच्या हिशेबात रुंदी ११०० च्या वर जाते आणि यादी परत येते. एक मुलगा टेबलाटेबलावर फिरून कंट्रोल आणि वजा ही कळ दाबून आला.

प्राध्यापकांचा अनुभव उलटा. बऱ्याच जणांनी फोनच्या ब्राउझरमधून वेबमेल पहिल्यांदाच नीट वापरली.

वेगळं काय करता आलं असतं

लॅरी घेऊन आधी सुरक्षित व्हायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत इलॅस्टिकवर जायचं, असा दुहेरी टप्पा शक्य होता. प्रवेशाच्या धांदलीत लोकांना नवं रूप शिकावं लागलं नसतं. तो न घेण्याचं कारण म्हणजे जावकचा रकाना लॅरीसाठी एकदा आणि इलॅस्टिकसाठी पुन्हा तपासावा लागला असता. दुसरं कारण कोणी बोललं नाही, पण खरं तेच: दिवाळी आली की 'चाललंय की' म्हणून दुसरा टप्पा राहून गेला असता. मनुष्यबळ जास्त असलेल्या संस्थेने मात्र तो मार्ग जरूर विचारात घ्यावा.

चाचणीला माणसं निवडताना कामाचा प्रकार बघितला, यंत्र बघितलं नाही. संस्थेतला सगळ्यात जुना मॉनिटर आणि सगळ्यात स्वस्त फोन, या दोन्हींवर एकेक दिवस काम करून घेतलं असतं तर सोमवारचे फोन वाचले असते.

आणि ती अधीक्षक मॅडमबरोबरची बैठक सीव्हीईची वाट न बघता घेता आली असती. डिफ काढायला पैसा लागत नाही, सर्व्हर बंद ठेवावा लागत नाही, मंजुरी लागत नाही. शून्यांची ती रांग वेळीच दिसली असती, तर १.४ आलं तेव्हा नाही तरी १.५ च्या वेळी हे काम शांतपणे उरकलं असतं.

प्लगइनच्या फोल्डरमध्ये आता एक मजकूर-फाइल आहे. प्रत्येक बदल कोणत्या टेबलाने मागितला, कधी, आणि तो काढायचा असेल तर कोणाला विचारायचं, एवढंच तिच्यात आहे. डेबियन १२ वर जाताना राउंडक्यूबची नवी प्रत, जुनी कॉन्फिग, प्लगइन आणि स्किन एवढंच उचलून ठेवावं लागलं. पीएचपी ८.२ वर प्लगइनने एका ठिकाणी सूचना दिली, ती दुरुस्त केली. लॅरीचा जुना फोल्डर बॅकअपमध्ये आहे. छपाईत काही राहिलं असेल तर बघायला म्हणून ठेवला होता, अजून कोणी मागितलेला नाही.